रंगाला भिऊ नका, ओलीला भ्या

वाचकांचे प्रश्न आणि वास्तुरचनाकाराची उत्तरे

उपनगरांतील आपली घरे गेल्या काही वर्षांत आतून फार एकसारखी दिसू लागली आहेत. पांढरट भिंती, करड्या सनमायकाची कपाटे, दोन बाय चार फुटांच्या चकचकीत फरश्या आणि छताला पीओपीची चौकट, असे दृश्य बोरिवलीपासून बाणेरपर्यंत कोणत्याही घरात सापडते. म्हणूनच या खेपेची पत्रे वाचून मला मनापासून आनंद झाला. ही सगळी मंडळी राहत्या घराचे नूतनीकरण करू पाहत आहेत, घराला स्वतःचा चेहरा असावा अशी त्यांची इच्छा आहे, आणि तरीही शेवटच्या क्षणी त्यांचा धीर सुटतो आहे. पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील अडचणी बहुतेक जुन्या घरांच्या अडचणी आहेत.

प्रश्न : पुण्यात सहकारनगरला माझ्या सासऱ्यांनी १९७८ साली बांधलेला एकमजली बंगला आहे. खाली दिवाणखाना, जेवणाची खोली, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, तर वर आमच्या आणि मुलांच्या खोल्या आहेत. दिवाणखाना उत्तरेकडे आहे आणि त्याला गडद मोरपंखी रंग द्यावा असे माझ्या फार मनात आहे. खोली लहान आणि अंधारी दिसेल, असे सगळे नातेवाईक सांगतात. मधली भिंत पाडून दिवाणखाना मोठा करावा आणि जुन्या मोझॅकवर नवी व्हिट्रिफाइड फरशी बसवावी, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. सासूबाईंना मोझॅक काढलेले चालणार नाही. एका कोपऱ्यात भिंतीचे पोपडेही निघत आहेत. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सुरुवात पोपड्यांपासून करावी. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख सर्वांत शेवटी आला आहे, परंतु कामाच्या क्रमात तो सर्वांत आधी यायला हवा. ओलीवर दिलेला कोणताही रंग, मग तो कितीही महाग असो, एक-दोन पावसाळ्यांत सुटतो, आणि गडद रंगावर तर क्षारांचा पांढरा लोणा लांबूनही दिसतो. ओल कोठून येते हे आधी ठरवा. पोपडे छताजवळ असतील तर गच्चीचा कोबा किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप तपासावा. खिडकीखाली असतील तर छज्जा आणि खिडकीची चौकट पाहावी, आणि भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर असेल तर तिथले नळ आणि फरशीचे सांधे पाहावेत. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पोपडे असतील, तर जोत्यातून पाणी वर चढत आहे असे समजावे. अशा भिंतीला आतून ओलरोधक रंग फासून उपयोग होत नाही, कारण पाणी आणि क्षार त्या थरामागे साचतात आणि काही काळाने गिलाव्यासकट तो थर ढकलून देतात. तिथला गिलावा ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत काढून, बाहेरच्या बाजूने पाण्याचा निचरा सुधारून आणि भिंत पूर्ण सुकू देऊनच पुढचे काम करावे लागते. भिंत सुकली आहे की नाही हे पाहण्याची साधी रीत अशी की, प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी काढून पाहावा. आतल्या बाजूला दव दिसले तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये. मी तर असे सुचवेन की गच्चीचे आणि बाहेरच्या भिंतींचे काम उन्हाळ्यात उरकून घ्यावे, एक पावसाळा जाऊ द्यावा आणि आतला रंग दिवाळीनंतर द्यावा.

ओलीबरोबरच तारांचे कामही आधी करावे लागेल. १९७८ सालच्या घरात मूळ तारा अजून तशाच असतील, तर त्या आजच्या गीझर, मायक्रोवेव्ह आणि एसीच्या भाराला पुरणार नाहीत, आणि अर्थिंगही सगळ्या खोल्यांत असेलच असे नाही. दिव्यांसाठी दीड, पॉवरच्या सॉकेटसाठी अडीच आणि एसी व गीझरसाठी चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारा, आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, एवढे तरी नक्की करून घ्या. भिंतींत तारांसाठी झिऱ्या, म्हणजे चरी, एकदाच पाडल्या जाव्यात. म्हणून दिवे कुठे हवेत हे रंग ठरवण्याच्याही आधी ठरवावे लागते, आणि गडद खोलीच्या बाबतीत ते फार महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे येतो.

मोझॅकच्या बाबतीत मी पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूचा आहे. सिमेंट आणि संगमरवराच्या तुकड्यांची ही फरशी गेल्या शतकातील आपल्या शहरी घरांची खरी ओळख आहे. १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या स्वदेशी कारखान्याने सिमेंटच्या लाद्या आपल्याकडे रुजवल्या, आणि पुढे गावोगावच्या लहान कारखान्यांनी मोझॅक मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेले. आज हेच टेराझो नावाने नव्या कॅफेंमध्ये मोठ्या हौसेने बसवले जाते, आणि तुमच्याकडे ते घरभर आहे. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवल्यास जमिनीची पातळी दीड-दोन इंच वर येते, प्रत्येक दार खालून कापावे लागते, उंबरे बुडतात, जिन्याची पहिली पायरी बुटकी होते आणि वरच्या मजल्यावर स्लॅबवर विनाकारण वजन पडते. त्याऐवजी मोझॅक घासून घ्या. खड्डे आणि भेगा त्याच रंगाच्या सिमेंटने भरून, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत क्रमाने मशीनने पाणी घालून घासाई करावी आणि शेवटी पॉलिश करावे, की आतले तुकडे पुन्हा चमकू लागतात. वरचा थर मात्र काही मिलिमीटरच जाड असतो, त्यामुळे घासाई अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावी. ज्या फरश्या पार फुटल्या आहेत त्यांच्या जागी नव्या आणू नका, कारण त्यांचा रंग जुळणार नाही. स्वयंपाकघराचा जुना ओटा किंवा भिंतीतले कपाट काढणार असाल तर त्याखाली मूळ फरशी आहे का ते पाहा. असल्यास ती हलक्या हाताने उचलून फुटलेल्या फरश्यांच्या जागी वापरता येईल. घासाईची रबडी भिंतींवर दोन फुटांपर्यंत उडते, म्हणून हे काम झिऱ्या बुजवल्यानंतर आणि रंगाच्या शेवटच्या हाताच्या आधी व्हावे.

भिंतीविषयी मात्र ठेकेदाराच्या शब्दावर मुळीच जाऊ नका. त्या काळातील पुष्कळ बंगल्यांत आरसीसीचे खांब नसून वीटकामाच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला आहे. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. गिलाव्यासह ती दहा इंचांच्या आसपास भरली तर ती नऊ इंची भिंत आहे आणि तिच्यावर बहुधा वरच्या मजल्याचा भार आहे. पाच-सहा इंच भरली तरी ती पडदी भिंतच असेल असे गृहीत धरू नये. संरचना अभियंत्याला बोलावून, जमल्यास मूळ नकाशा दाखवून, त्याचे लेखी मत घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३मध्ये फक्त आतल्या दुरुस्तीला परवानगीतून सूट आहे, परंतु भार पेलणारी भिंत हलवणे ही नुसती दुरुस्ती नव्हे. माझे मत विचाराल तर ती भिंत राहू द्यावी आणि अभियंत्याच्या सल्ल्याने तिच्यातले दार तेवढे रुंद करून वर पुरेशी तुळई घालावी. दोन खोल्या वेगळ्या राहिल्या तरच एकीला मोरपंखी आणि दुसरीला वेगळा रंग देता येतो. सगळ्या भिंती पाडलेल्या घरात रंग बदलायला जागाच उरत नाही.

आता मोरपंखी. उत्तरेकडच्या खोलीत थेट ऊन येत नाही आणि प्रकाश दिवसभर थंडसर असतो. अशा खोलीला पांढरा रंग दिला की ती उजळ होते असे नाही, ती बऱ्याचदा मळकट करडी दिसते. गडद रंग तिथे उलट शोभतो, कारण खोलीचे कोपरे नजरेला पटकन सापडत नाहीत आणि भिंती जवळ आल्यासारख्या वाटण्याऐवजी मागे सरल्यासारख्या वाटतात. अट एवढीच की रंग पूर्ण खोलीला द्यावा. एकच भिंत गडद आणि तीन पांढऱ्या, ही आपल्याकडे रुळलेली पद्धत मला पटत नाही. त्याने खोलीचे दोन तुकडे पडतात आणि ती गडद भिंत अंगावर येते. मोरपंखीला सोबत मोजकीच द्यावी. नऊवारीत अंग एका रंगाचे आणि काठ-पदर दुसऱ्या रंगाचा असतो, तसे चारही भिंती मोरपंखी ठेवून हळदी किंवा डाळिंबी रंग फक्त गाद्या, पडद्याची कड आणि एखाद्या खुर्चीपुरता राहू द्या. तिसरा रंग मोझॅकमध्ये आहेच.

रंगाची फिनिश मॅट घ्या. जुन्या निरूच्या, म्हणजे चुन्याच्या, गिलाव्यावर उंचसखलपणा असतो आणि चमकदार रंगात तो फार उठून दिसतो. कागदी पट्टीवरून रंग ठरवू नका. तीन फूट बाय तीन फूट मापाचे नमुने दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन हात देऊन लावा, आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहा. रात्रीचा प्रकाश २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर असावा. ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली मोरपंखी निर्जीव होतो. छताच्या मधोमध एकच दिवा न ठेवता बसायच्या जागांपाशी, चित्रांवर आणि कोपऱ्यांत असे पाच-सहा लहान दिवे विभागून ठेवा. झिऱ्या पाडण्याआधी दिव्यांच्या जागा ठरवा असे वर म्हटले ते याचसाठी.

शेवटी एक खबरदारी. दारे-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या खाली ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. ओले करून किंवा रंग काढायचे रसायन लावूनच तो खरवडावा, आणि त्या दिवसांत मुलांना आजोळी पाठवता आले तर उत्तम. खाली सागवान निघाले, तर त्यावर पुन्हा रंग न देता फक्त तेलपाणी करावे असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : ठाण्यात आमचे दोन बेडरूमचे घर आहे. छताची उंची नऊ फूट आहे. घराला वेगळेपणा यावा म्हणून फॉल्स सीलिंग करून त्यात रंगीत एलईडी पट्ट्या लावाव्यात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नये. नऊ फुटांतले सहा-आठ इंच गेले की पंखा डोक्यावर येतो, खोली कोंदट होते, आणि वरच्या घराच्या न्हाणीघरातून गळती झाली तर ती बराच काळ दिसत नाही. रंगीत पट्ट्यांचा उत्साह फार तर वर्षभर टिकतो. तुम्हाला छताकडे नजर जायला हवी असेल तर छतालाच रंग द्या. भिंती मोतिया आणि छत शेवाळी किंवा अबोली, असा उलटा विचार आपल्याकडे क्वचितच कोणी करतो, आणि झोपायच्या खोलीत तर छत ही सर्वांत जास्त वेळ पाहिली जाणारी बाजू असते. रंग छताच्या कडेवर न थांबवता भिंतीवर सहा इंच खाली उतरवला, की छत आणि भिंत यांतली वाकडी रेघ झाकली जाते आणि उंचीही कमी वाटत नाही.

प्रश्न : डोंबिवलीत १९९० सालच्या चार मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आजोळच्या वाड्यातला शिसवी झोपाळा आणि त्याच्या पितळी कड्या मामांनी आम्हाला दिल्या आहेत. दिवाणखान्याचे नूतनीकरण करताना तो झोपाळा हाच खोलीचा मुख्य भाग असावा, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. स्लॅबला हुक मारून तो टांगता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : झोपाळा ठेवाच, पण स्लॅबला नको. वाड्यात तो जाड सागवानी तुळईला टांगलेला असतो. तुमचा स्लॅब चार-पाच इंच जाडीचा असेल, आणि खालून भोक पाडून बसवलेला विस्तारणारा बोल्ट हा सतत मागेपुढे होणाऱ्या ओढीसाठी योग्य नसतो. झोपाळ्याची फळी, कड्या आणि त्यावर बसलेली दोन-तीन माणसे मिळून अडीचशे किलोंपर्यंत भार सहज जातो, आणि झोका घेताना ओढ त्याहूनही वाढते. शिवाय तुमची इमारत पस्तिशीच्या घरात आहे. खाडीकाठच्या दमट हवेत या वयाच्या इमारतींमध्ये स्लॅबमधल्या सळ्यांना गंज चढलेला असणे नवीन नाही. लहान हातोडीने छतावर जागोजागी हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज येत असेल किंवा सळीच्या रेषेत तडा दिसत असेल, तर झोपाळ्याचा विचार बाजूला ठेवून आधी सोसायटीच्या कार्यकारिणीला कळवा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांवरील इमारतीचे संरचना परीक्षण दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मागचा अहवाल मागून घ्या आणि तुमच्या घराविषयी त्यात काय लिहिले आहे ते वाचा.

अभियंत्याने होकार दिला तर झोपाळा तुळईच्या रेषेत आणावा आणि कड्यांचा आधार तुळईच्या दोन्ही बाजूंना पट्टी लावून घ्यावा. तुळईतल्या सळ्यांना ड्रिल लागू नये यासाठी त्या कुठे आहेत हे यंत्राने आधी तपासता येते. तुळई सोयीच्या जागी नसेल, तर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट करून घ्या. बाजारात मिळतात तसल्या बारीक नळ्यांची नको. तुमच्या कड्यांच्या लांबीला साजेशी, चौकोनी जाड नळीची, आणि तिला काळा न देता सरळ शेंदरी किंवा गडद निळा रंग द्यावा. शिसवीचा काळसर तपकिरी रंग, पितळ आणि शेंदरी चौकट हे एकत्र इतके सुंदर दिसते की खोलीत दुसऱ्या सजावटीची गरज राहत नाही. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळी जागा लागेल, त्यामुळे सोफ्याला निरोप द्यावा लागेल. माझ्या मते तो द्यावा. झोपाळा, दोन खुर्च्या आणि जमिनीवर बैठक एवढ्यावर दिवाणखाना उत्तम चालतो, आणि बैठकीवर सोलापुरी चादरी अंथरल्या तर रंगाची चिंताच मिटते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला १९६२ साली बांधलेले स्प्लिट-लेव्हल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या जिन्याने जोडलेल्या पातळ्यांचे, घर घेतले आहे. इथल्या सगळ्यांची घरे आतून करडी आणि पांढरी आहेत. आम्हाला दिवाणखाना गेरूच्या रंगाचा, खणाच्या कापडाचे पडदे, हिमरूची शाल भिंतीवर, असे काही करायचे आहे. पुढे घर विकताना अडचण येईल, असे मित्र सांगतात. छतावर खडबडीत पॉपकॉर्नसारखा थर आहे, तोही काढायचा आहे.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आधी त्या छताला हात लावू नका. त्या काळातील अशा थरांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि तळघरात नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स असतील तर त्यांतही. नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय खरवडणे, घासणे किंवा तोडणे टाळा. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणून त्याआधीच्या घरात खिडक्या आणि चौकटींच्या खालच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. जुना रंग उकरला जाईल असे काम करणारा ठेकेदार पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रमाणित असावा लागतो. हा नियम २०१०पासून लागू आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नका. तुमचे घर लाकडी सांगाड्याचे आणि पोकळ भिंतींचे आहे. त्यामुळे जड चित्रे, आरसे किंवा फडताळ टांगताना आतला लाकडी उभा दांडा शोधून त्यातच स्क्रू बसवावा.

विक्रीची काळजी मला अनाठायी वाटते. रंग ही घरातली सर्वांत स्वस्तात बदलता येणारी गोष्ट आहे. विकायच्या आधी दोन दिवसांत भिंती पांढऱ्या करता येतात. ज्या गोष्टी बदलायला खर्च येतो, म्हणजे न्हाणीघरातल्या टाइल्स, स्वयंपाकघराचा ओटा आणि लाकडी जमीन, त्या हव्या तर संयमाने निवडा. कधीतरी येणाऱ्या अनोळखी खरेदीदाराच्या आवडीने आज आपली मुले वाढवू नयेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गेरूचा रंग तुमच्याकडे जपून निवडावा लागेल. महाराष्ट्रात तो शोभतो कारण इथले ऊन प्रखर असते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत आणि कोकण-गोव्यातल्या देवळांवर कावीचे नक्षीकाम आहे. ती सारी याच प्रकाशात पाहायची आहेत. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि दिवस लवकर मावळतो, त्या प्रकाशात विटकरी लाल रंग तपकिरीकडे झुकतो. म्हणून थोडा जास्त नारिंगी, उजळ गेरू घ्या, आणि जानेवारीच्या दुपारी नमुना पाहिल्याशिवाय पक्का करू नका. रंग कुठे द्यायचा याविषयी मेक्सिकोचे वास्तुकार लुईस बारागान यांचे घर शिकवण्याजोगे आहे. १९४८ साली बांधलेले मेक्सिको शहरातले हे घर २००४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यातल्या पुष्कळ भिंती पांढऱ्या आहेत, आणि गुलाबी रंग प्रवेशाच्या दालनात आहे, जिथे वरून प्रकाश उतरतो. तुमच्या स्प्लिट-लेव्हल घरात अशी जागा आयतीच आहे. अर्धा जिना चढताना समोर येणारी भिंत दोन्ही पातळ्यांवरून दिसते, गेरू तिथून सुरू करावा.

हिमरूची शाल थेट उन्हात टांगू नका, रेशीम आणि सूत दोन्ही विटतात. काचेच्या चौकटीत ठेवायची असल्यास कापड काचेला टेकू देऊ नये. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचा असतो, त्यामुळे पूर्ण पडद्यासाठी बरेच सांधे येतील. तो पडद्याच्या वरच्या पट्टीला, उशांना किंवा खिडकीतल्या बैठकीला वापरला तर त्याची नक्षी नीट दिसते.

प्रश्न : माझे वय ७६ आहे, मी निवृत्त शिक्षिका आहे. नाशिकला आमच्या रो-हाउसचे नूतनीकरण मुलगा आणि सून करत आहेत. त्यांना सगळीकडे भडक रंग आणि नक्षीच्या फरश्या हव्या आहेत. माझी नजर मंदावली आहे, गुडघे दुखतात. मला हे सगळे सोसेल का, अशी भीती वाटते. त्यांचा उत्साह मोडायची माझी इच्छा नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलांचा उत्साह आणि तुमची सोय यांत विरोध नाही, उलट धीट रंग योग्य जागी आले तर तुमच्या नजरेला त्यांची मदतच होईल. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होते, निळा आणि हिरवा यांतला फरक कमी कळतो, आणि पांढऱ्यावर पांढरे तर दिसतच नाही. पांढरी भिंत, पांढरी चौकट, पांढरे बटण, पांढरी फरशी आणि पांढरा कमोड असे न्हाणीघर आज सर्रास केले जाते. ते वृद्ध माणसाला सर्वांत धोक्याचे आहे. तुम्ही मुलाला आणि सुनेला हे पुढचे सर्व वाचायला द्या.

दारांच्या चौकटी भिंतीपेक्षा ठळकपणे वेगळ्या रंगात असाव्यात. विजेच्या बटणांभोवती रंगीत पट्टी असावी. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंच रुंदीची, पायरीच्या रंगाच्या अगदी विरुद्ध अशी खरखरीत पट्टी बसवावी, आणि कठडा भिंतीत मिसळणार नाही असा, हळदी किंवा लाल. न्हाणीघरात कमोडच्या मागची भिंत गडद असावी, आधाराचे दांडे तिच्यावर उठून दिसतील असे असावेत, आणि ते दांडे टाइलवर नुसते न चिकटवता विटेत पक्के बसवावेत. फरशी ओली असतानाही न घसरणारी घ्यावी, आणि न्हाणीघराचा उंबरा काढून टाकून उतार नीट द्यावा.

नक्षीच्या फरशीबाबत मात्र तुमची भीती योग्य आहे. काळ्या-पांढऱ्या ठळक चौकटींची किंवा मोठ्या गडद ठिपक्यांची जमीन मंद नजरेला खड्ड्यांसारखी भासते आणि पाऊल चुकते. तमिळनाडूतल्या आत्तंगुडी गावात काचेवर ओतून हाताने घडवलेल्या सिमेंटच्या लाद्या फार देखण्या असतात, पण त्या तुमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नकोत. सूनबाईंनी त्या देवघराच्या भिंतीला किंवा ओट्यामागे लावाव्यात, तिथे त्या डोळ्यांसमोर येतील आणि पायाखाली येणार नाहीत. ओट्यामागे लावताना वर सीलर देणे आवश्यक आहे, नाहीतर फोडणीच्या तेलाचे आणि हळदीचे डाग सिमेंटमध्ये मुरतात. खालची जमीन एकरंगी कोटा किंवा शहाबादी, मॅट, असावी.

ओट्याची उंची कॅटलॉगवरून ठरवू नये. तुम्ही चपलेशिवाय सरळ उभ्या राहून कोपर काटकोनात वाकवा, आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा यावा. सूनबाई तुमच्यापेक्षा बऱ्याच उंच असतील तर ओटा दोन पातळ्यांचा करता येतो. त्यांच्या बाजूला शेगडी, आणि तुमच्या बाजूला बसून भाजी निवडता येईल असा, खाली पाय जातील एवढा मोकळा, बुटका भाग. कपाटांना आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड वापरावे. रंग गुलबक्षी असो की चिंतामणी, तो सुनेने निवडावा, फक्त मुठी दारांपेक्षा उजळ रंगाच्या आणि पूर्ण हात जाईल एवढ्या मोठ्या असाव्यात. आणि तुमच्या स्वतःच्या खोलीचा रंग तुम्ही निवडायचा आहे. त्यात मुलाचे किंवा माझे मत विचारायचे कारण नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत हालचालीने लागणारे दोन दिवे बसवायला सांगा, आणि त्यांच्या तारांसाठीची झिरी आत्ताच, भिंती उघड्या असताना, पाडून घ्यायला सांगा.